डबल स्टँड, उसण आणि पिलाटीज: घरच्या घरी सुरुवात कशी करावी

स्कूटर डबल स्टँडला लावणे ही पुण्यात दिवसातून तीन-चार वेळा करावी लागणारी गोष्ट आहे आणि तिच्याकडे शारीरिक श्रम म्हणून कोणी पाहत नाही. एका पायाने स्टँड जमिनीला टेकवायचा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरायचा, आणि शंभर किलोंच्या आसपासची गाडी मागे घेत स्टँडवर चढवायची. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजारच्या गाडीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, किंचित वाकडी उभी राहून मी हेच करत असताना माझ्या कमरेत उसण भरली आणि पुढचे नऊ दिवस मला अंथरुणातून कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठावे लागले. दुखणे ओसरल्यावर ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी ओढताना तुम्ही श्वास सोडत होतात, की धरून ठेवला होता?" मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी मला कोपऱ्यातली बादली उचलायला सांगितली. मी श्वास कोंडला, पोट पुढे काढले, खांदे कानांपाशी नेले आणि बादली उचलली. बादली रिकामी होती.

त्या बाईंनी पुढे जे व्यायाम शिकवले ते पिलाटीजचे होते, हे मला चौथ्या-पाचव्या भेटीत कळले. त्याआधी पिलाटीज म्हणजे सिनेनट्यांनी महागड्या यंत्रांवर झोपून करायचा काहीतरी प्रकार आहे, एवढीच माझी समजूत होती. आज मला त्याचा फायदा विचारला, तर मी एवढेच सांगेन की वजन उचलण्याच्या क्षणभर आधी माझे ओटीपोट आपणहून सावध होते आणि श्वास अडकत नाही. बाकीचे बहुतेक फायदे याच एका सवयीतून निघतात. म्हणून या लेखात व्यायामप्रकारांच्या संख्येपेक्षा या सवयीच्या पायाभरणीवर मी अधिक जागा खर्च केली आहे.

पद्धत आली कुठून

जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख या गावी झाला. लहानपणी त्यांना दमा होता, मुडदूस होता आणि संधिवाताचा तापही येऊन गेला होता. त्या दुबळेपणातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी जिम्नॅस्टिक्स, मुष्टियुद्ध, शरीरसौष्ठव असे जे मिळेल ते करून पाहिले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते आणि जर्मन नागरिक म्हणून त्यांना नजरकैदेत, काही काळ आयल ऑफ मॅन या बेटावरच्या छावणीत, राहावे लागले. तेथे ते सोबतच्या कैद्यांना व्यायाम शिकवत. खाटांना स्प्रिंगा बांधून अंथरुणावर खिळलेल्या रुग्णांकडूनही त्यांनी हालचाली करवून घेतल्या, अशी आख्यायिका आहे, आणि आजच्या यंत्रांतल्या स्प्रिंगा पाहिल्या की ती पटण्यासारखी वाटते. १९२६ च्या सुमारास ते अमेरिकेत गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह न्यूयॉर्कच्या एट्थ अव्हेन्यूवर त्यांनी व्यायामशाळा थाटली. दुखापती झालेले नर्तक-नर्तकी तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले. पिलाटीज आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणत, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र. १९४५ मध्ये त्यांनी चटईवर करायचे ३४ व्यायाम प्रसिद्ध केले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे आडनावच पुढे पद्धतीचे नाव म्हणून रूढ झाले. हे नाव कोणाच्या मालकीचे नाही, असा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने २००० मध्ये दिला. याचा व्यावहारिक अर्थ असा की या नावाची पाटी कोणीही लावू शकतो, आणि म्हणून शिक्षक पारखून घेणे ही आपली जबाबदारी ठरते. त्याकडे मी शेवटी वळेन.

"आमच्याकडे योगासने असताना हे कशाला?" हा प्रश्न पुण्यात हमखास येतो, आणि तो रास्त आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये या शहरात आले आणि १९७५ मध्ये येथे त्यांची योगसंस्था उभी राहिली. पट्टे, लाकडी विटा आणि दोऱ्या यांच्या साहाय्याने पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंतची स्थिती काटेकोरपणे जुळवण्याची शिस्त या शहराने त्यांच्याकडून जवळून पाहिली आहे. ज्याने त्या परंपरेत थोडे जरी शिक्षण घेतले असेल, त्याला पिलाटीजमधला काटेकोरपणा परका वाटणार नाही. फरक इतकाच की आसनात आपण एका स्थितीत जाऊन स्थिरावतो, तर पिलाटीजमध्ये धड स्थिर ठेवून हातपाय हलते ठेवायचे असतात, आवर्तने पाच ते दहाच असतात आणि प्रत्येक हालचालीला श्वासाचा एक ठरलेला टप्पा जोडलेला असतो. आसने करणाऱ्याने ती सोडून हे करावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. माझी आई ऐंशीव्या वर्षी सकाळी तिची आसने करते आणि माझ्या सतरंजीकडे पाहून "हे तर आमचेच आहे" असे म्हणते. मी वाद घालत नाही.

फायदा होतो तो कसा

आपल्या पोटाची कल्पना एखाद्या गोल डब्यासारखी करावी. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, हे त्याचे झाकण, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हा त्याचा बूड, पोटाला आडव्या पट्ट्यासारखा वेढणारा सर्वांत आतला स्नायू ही त्याची भिंत, आणि कण्याला मागून चिकटून असलेले लहान लहान स्नायू ही भिंतीची मागची बाजू. चारही बाजू एकाच वेळी थोड्या थोड्या आवळल्या की डब्यातला दाब वाढतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. ऑस्ट्रेलियातील संशोधक पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की निरोगी माणूस हात हलवतो तेव्हा पोटाचा हा आडवा स्नायू हाताच्याही आधी कामाला लागतो, आणि कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. या एकाच स्नायूला इतके महत्त्व द्यावे का, यावर पुढे तज्ज्ञांत वाद झाले. परंतु हालचालीच्या आधी धड सावध असावे, ही गोष्ट ज्याने एकदा उसण भोगली आहे त्याला वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

कंबरदुखीच्या बाबतीत पुरावा काय सांगतो, हेही नीट समजून घ्यावे. उपचारांचे पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा, दीर्घकाळ चालणाऱ्या कंबरदुखीवरील चाचण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारांपेक्षा पिलाटीजने वेदना आणि अडचण कमी होते, असे त्यात आढळले, मात्र इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असे ठामपणे म्हणण्याजोगा आधार मिळाला नाही. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. जो व्यायाम आपल्याला आवडतो आणि जो आपण सोडून देत नाही तो करावा, आणि माझ्यासारख्या, उड्या मारायचा कंटाळा असलेल्या माणसासाठी हा व्यायाम टिकतो.

कंबर सोडून इतरही उपयोग आहेत. ज्येष्ठ नागरिकांचा तोल सुधारल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून चालणाऱ्याला तोलाचे मोल कळते. हिंजवडीला जाऊन-येऊन प्रवासात दोन-अडीच तास आणि खुर्चीत आठ तास घालवणाऱ्यांचे खांदे पुढे झुकतात आणि छातीचा भाग आखडतो; पालथे झोपून करायच्या हालचालींनी त्याला उतारा मिळतो. बाळंतपणानंतर किंवा पन्नाशीनंतर खोकताना, शिंकताना लघवीचा थेंब जाण्याची तक्रार अनेक स्त्रिया कोणाजवळ बोलत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ओळखायला पिलाटीज शिकवते, मात्र ही तक्रार असेल तर नुसत्या वर्गावर विसंबून न राहता त्या विषयातील फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

आता हे काय करत नाही, तेही सांगते. वजन झपाट्याने उतरवण्यासाठी हा मार्ग नव्हे. हृदय आणि फुप्फुसांसाठी प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. चटईवरचे पिलाटीज यातल्या दुसऱ्या भागाकडे झुकते. पहिल्या भागासाठी तळजाई, वेताळ टेकडी किंवा घराजवळचे मैदान यांना पर्याय नाही. रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनी तो चढतच राहावा. उतरताना गुडघे कमी कुरकुरले तर तेवढे श्रेय पिलाटीजला द्यावे.

आधी कोणी विचारून घ्यावे

मणक्यातील गादी सरकलेली असेल, पायात कळ किंवा मुंग्या जात असतील, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले असेल, अलीकडे पोटाची शस्त्रक्रिया किंवा सिझेरियन झाले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. हाडे ठिसूळ असलेल्यांनी कणा पुढे गोल वळवण्याचे आणि पाठीवर लोळण्याचे प्रकार टाळायचे असतात, आणि मूळच्या ३४ व्यायामांत असे प्रकार बरेच आहेत. त्यामुळे इंटरनेटवरचा एखादा व्हिडिओ लावून आईवडिलांना समोर बसवणे धोक्याचे आहे. गर्भारपणात पहिल्या तिमाहीनंतर बराच वेळ उताणे झोपून व्यायाम करू नये. मानेच्या स्पाँडिलोसिसचा त्रास असेल तर खाली सांगितलेल्या व्यायामांत डोके उचलूच नये. बाकीचा व्यायाम तसाच करता येतो. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखू नये, आणि खरे तर कोणीच रोखू नये.

जागा आणि साहित्य

दोन माणसे शेजारी झोपू शकतील एवढी मोकळी फरशी पुरते. योगासनांची पातळ मॅट येथे अपुरी पडते, कारण कण्याचा एकेक मणका जमिनीला टेकवायचा असतो आणि चार-पाच मिलिमीटरच्या मॅटमधून तो शहाबादी फरशीला लागतो. दहा ते पंधरा मिलिमीटर जाडीची मॅट मिळाली तर उत्तम. मी पहिले चार महिने जाड सतरंजीवर घडी घातलेले ब्लँकेट पसरून भागवले. गादीवर मात्र करू नये, कारण ती दबते आणि कंबर कुठे आहे हे कळत नाही. डोक्याखाली घडी घातलेला पंचा ठेवावा. अंगात ढगळ कपडे असतील तर बरगड्यांची हालचाल दिसत नाही, एवढे लक्षात ठेवले की पोशाखाचा विषय संपतो. जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्यावेत. मी दुपारचा चहा होण्याआधीची वेळ ठरवली आहे. सकाळी कंबर आखडलेली असते आणि रात्री मन लागत नाही.

पहिला आठवडा: श्वास आणि पाण्याची वाटी

उताणे झोपून गुडघे उभे करावेत, पावले खुब्यांइतक्या अंतरावर जमिनीला टेकवावीत आणि दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांच्या बाजूंवर ठेवावेत. नाकाने श्वास घेताना छाती वर उचलण्याऐवजी बरगड्या दोन्ही बाजूंना, तळहातांना ढकलत, पेटीचा भाता उघडावा तशा रुंदावल्या पाहिजेत. सुरुवातीला हे जमत नाही. बहुतेकांचे खांदे वर जातात. गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांतून श्वास सावकाश सोडावा. सोडण्याच्या अखेरीस साडीच्या निऱ्या खोचताना किंवा घट्ट पँटची चेन लावताना ओटीपोट जेवढे आत जाते, तेवढेच ते आत घ्यावे. त्याच वेळी लघवी अडवून धरताना जे स्नायू आपण आवळतो ते हलकेच वर ओढावेत. ज्यांना मूलबंध ठाऊक आहे, त्यांना ही जागा चटकन सापडेल. जोर आपल्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नसावा. खूण अशी की या स्थितीत बेचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. आवाज घुसमटला तर आपण पोट आवळून धरले आहे असे समजावे आणि सैल सोडून पुन्हा करावे.

यानंतर कमरेची मध्यस्थिती शोधायची. माझ्या बाईंनी त्यासाठी स्वयंपाकघरातली वाटी वापरायला सांगितली. नाभीच्या खाली, ओटीपोटावर अर्धी वाटी पाणी ठेवावे आणि कंबर जमिनीला चेपून पाणी नाभीकडे कलेल असे करावे. मग कंबर किंचित कमानीसारखी उचलून पाणी पायांकडे कलू द्यावे. या दोन टोकांमधल्या ज्या जागी पाणी समतल राहते, ती आपली मध्यस्थिती. तेथे कमरेखाली बोटे सरकतील इतकी लहानशी पोकळी असते आणि ती असायलाच हवी. कंबर जमिनीला चेपून ठेवावी अशी जी समजूत आहे, ती सर्वच व्यायामांना लागू पडत नाही. पहिल्या दोन दिवसांत माझी सतरंजी तीनदा भिजली, चौथ्या दिवशी पाणी हलले पण सांडले नाही. आठवडाभर रोज दहा मिनिटे एवढेच करावे. हा भाग कंटाळवाणा आहे, आणि बहुतेक लोक तो ओलांडून थेट पुढच्या प्रकारांवर उडी मारतात. त्यांची मान दुखते आणि ते पिलाटीजला दोष देतात.

दुसऱ्या आठवड्यापासून

पहिला प्रकार सेतुबंधासनासारखा दिसतो, परंतु करण्याची रीत निराळी आहे. त्याच स्थितीत श्वास घ्यावा आणि सोडता सोडता आधी माकडहाड, मग कमरेचा मणका, मग त्यावरचा, असे जपमाळेचे मणी सरकावेत तसे एकेक मणका उचलत खांद्यांच्या पात्यांपर्यंत यावे. वर थांबून श्वास घ्यावा आणि सोडताना वरून खाली, त्याच क्रमाने, एकेक मणका टेकवत यावे. कमरेच्या मधोमध तीन-चार मणक्यांचा एक गठ्ठा एकदमच खाली आदळतो, असे बहुतेकांच्या लक्षात येईल. तीच आपली आखडलेली जागा आहे आणि तेथे गती आणखी कमी करावी. सहा ते आठ वेळा पुरे. एक आवर्तन नीट केले तर अर्धे मिनिट सहज लागते.

दुसऱ्या प्रकारात पाय उचलायचे आहेत. मध्यस्थिती सांभाळून श्वास सोडताना एक पाय उचलावा, गुडघा खुब्याच्या बरोबर वर आणि पोटरी जमिनीला समांतर. मग दुसरा पाय तसाच उचलावा. आता श्वास घेत एका पायाची बोटे हळूच जमिनीला टेकवावीत आणि सोडताना पाय परत वर आणावा. मग दुसरा पाय. येथे पाण्याची वाटी मनातल्या मनात ओटीपोटावरच आहे असे धरावे. पाय खाली जाताना कंबर जमिनीपासून उचलली जात असेल तर पाय अर्ध्यावरूनच परत आणावा. प्रत्येक पायाने आठ वेळा.

तिसरा प्रकार म्हणजे या पद्धतीचा प्रसिद्ध 'हंड्रेड', म्हणजे शंभरी, आणि मूळच्या ३४ व्यायामांतला तो पहिला आहे. मूळ स्वरूपात डोके व खांदे उचलून आणि पाय सरळ हवेत ताणून तो केला जातो, पण नवख्याने पावले जमिनीवर ठेवूनच सुरुवात करावी. हात शरीराच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उचललेले, कोपरे सरळ. पाण्यावर तळहाताने हलके चापटी मारावी तसे हात खांद्यापासून वरखाली हलवावेत. पाच ठोक्यांत श्वास घ्यावा, पाच ठोक्यांत सोडावा, आणि अशा दहा फेऱ्या झाल्या की शंभर ठोके होतात. ज्यांची मान ठणठणीत आहे त्यांनी दोन-तीन आठवड्यांनंतर डोके उचलावे, तेही हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये लिंबाएवढी जागा ठेवून आणि नजर गुडघ्यांकडे ठेवून. मान थरथरू लागताच डोके खाली ठेवावे, हात मात्र चालू द्यावेत. शंभरचा आकडा गाठण्याची चुरस येथे निरर्थक आहे. साठ ठोक्यांनंतर श्वास तुटू लागला तर साठावर थांबावे.

कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे आणि सावकाश खाली आणणे, हा चौथा प्रकार दिसायला अगदीच साधा आहे. यात खुब्याच्या बाजूच्या स्नायूला काम मिळते, जो चालताना आणि जिना चढताना कंबर एका बाजूला कलू देत नाही. पाय उंच नेण्याचा मोह आवरावा, कारण वीतभराहून उंच गेला की कंबर मागे पडते आणि काम दुसरेच स्नायू करू लागतात. प्रत्येक बाजूला दहा वेळा. दोन महिने हे केल्यावर पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी कठड्याला हात न लावता उतरले, तेव्हा माझ्या गुडघ्यांपेक्षा मलाच अधिक आश्चर्य वाटले.

पाचवा प्रकार पालथे झोपून करायचा. कपाळ हातांवर, पाय लांब. श्वास घेताना छातीचे हाड पुढे सरकवल्यासारखे करून डोके आणि छाती चार बोटे उचलावी, श्वास सोडताना खाली यावे. भुजंगासनाची सवय असलेले येथे हातांनी जोर देऊन उंच जातात; तसे करू नये, उचलण्याचे काम पाठीच्या स्नायूंनीच करावे. सहा वेळा झाले की टाचांवर बसून बालासनासारखे पुढे वाकावे आणि पाठीत श्वास भरत मिनिटभर तसेच राहावे.

या पाच प्रकारांना वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, हे पुरेसे आहे. दुसऱ्या दिवशी पोटात किंवा खुब्यात जडपणा जाणवणे स्वाभाविक असते. कमरेत टोचणारी कळ, पायात उतरणारी मुंगी किंवा डोके गरगरणे हे मात्र थांबण्याचे संकेत आहेत. मला फरक जाणवायला दोन महिने लागले, आणि तो आरशात दिसण्याआधी कुकरची शिट्टी ऐकून जमिनीवरून उठताना जाणवला. सहा-आठ आठवड्यांनंतर वाटले तर बसून मागे झुकण्याचे आणि मग पूर्ण झोपून उठण्याचे प्रकार शिकावेत, परंतु ते कोणाच्या तरी नजरेखाली.

वर्ग आणि यंत्रे

कोरेगाव पार्क, बाणेर यांसारख्या भागांत रिफॉर्मर असलेले स्टुडिओ आता दिसू लागले आहेत. रिफॉर्मर म्हणजे एका चौकटीवर मागेपुढे सरकणारी गादी, तिला जोडलेल्या स्प्रिंगा आणि हातापायात अडकवायचे पट्टे. तेथे स्प्रिंग कमी लावली की व्यायाम सोपा होतो, असा नवख्यांचा समज असतो. पुष्कळदा उलटे घडते, कारण सैल स्प्रिंगवर सरकती गादी आवरण्याचे सगळे काम आपल्यालाच करावे लागते. यंत्रांवरचे काम आनंददायक आहे, पण रोजच्या आरोग्यासाठी ते अनिवार्य नाही, आणि फीचा आकडा पाहून ज्यांनी मागे पाऊल घेतले त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

चटईचा वर्ग निवडताना मात्र चोखंदळ असावे. मी एका वर्गाला महिनाभर गेले होते. बावीस जण, भिंती हादरवणारे संगीत आणि समोर उभे राहून स्वतःच व्यायाम करणारा शिक्षक, ज्याने महिनाभरात माझ्याकडे एकदाही वळून पाहिले नाही. शिक्षकाने पहिल्या दिवशी दुखण्यांची चौकशी केली का, वर्गात दहा-बाराहून अधिक माणसे नाहीत ना, तो फिरून प्रत्येकाची स्थिती पाहतो का, आणि एखाद्याला एखादा प्रकार जमत नसेल तर सोपा पर्याय देतो का, हे एका तासात कळते. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आणि किती तासांच्या प्रशिक्षणाचे, हे विचारण्यात संकोच करू नये. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून आलेले प्रमाणपत्रही भिंतीवर तितकेच झळकते.

सतरंजीवरून उठल्यावर

सतरंजीवर शिकलेले दिवसभरात वापरले नाही तर वीस मिनिटे वीस मिनिटेच राहतात. मंडईतून भाजीची पिशवी उचलताना, नातवंडाला कडेवर घेताना, पिंपातून पाणी उपसताना आधी फुंकर सुरू करावी आणि मग वजन उचलावे. सिग्नलला थांबल्यावर हँडलवरचे खांदे खाली सोडावेत. स्कूटर डबल स्टँडला लावताना गाडीला चिकटून, दोन्ही पाय तिच्याकडे वळवून उभे राहावे, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले आहेत याची खात्री करावी, श्वास सोडत शरीराचा भार पावलाने स्टँडवर द्यावा आणि हातांनी गाडीला फक्त दिशा द्यावी. ती आपली आपण वर चढते. अर्थात त्यासाठी सरळ उभे राहण्यापुरती जागा लागते, आणि आमच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सातनंतर ती नसते, तेव्हा मी गाडी मुकाट्याने साइड स्टँडला लावते.